पंडितेचा ‘गर्व’ : रमाबाई–जेराल्डीन पत्रव्यवहारातील तीन शब्दांचा विचार

(१)

गर्व हे सर्व पापांचे मूळ, नम्रता हा सर्व सद्गुणांचा पाया, आणि ईश्वराची दया हीच गर्विष्ठाला नम्र करणारी शक्ती, ही ख्रिस्ती नीतिविचारातील एक जुनी आणि सर्वमान्य शिकवण आहे. परूशी व जकातदार यांचा दृष्टान्त, शिष्यांचे पाय धुणारा येशू, स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेणाऱ्या ख्रिस्ताविषयी पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेला मजकूर, ही या शिकवणीची प्रमुख स्थाने होत. शिकवण म्हणून तिच्याविषयी ख्रिस्ती पंथांत मतभेद नाही. मतभेद उत्पन्न होतो तो ती प्रत्यक्ष माणसांना लागू करताना. अमुक व्यक्ती गर्विष्ठ आहे हे कोणी ठरवावयाचे? ज्याला ‘नम्र हो’ म्हणून सांगितले जाते त्याने नेमके कोणापुढे नम्र व्हावयाचे? आणि सांगणारा स्वतः त्या वेळी कोणत्या पायरीवर उभा असतो?

मराठी ख्रिस्ती जीवनाच्या इतिहासात हे तीनही प्रश्न एकदम आणि अत्यंत धारदारपणे उपस्थित झालेले एक प्रकरण आहे. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) आणि वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डीन यांचा पत्रव्यवहार हे ते प्रकरण होय. सिस्टर जेराल्डीन यांनी ही पत्रे जुळवून ठेविली व १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती ग्रंथरूपाने बाहेर आली. तेव्हापासून धर्मेतिहासाच्या आणि स्त्रीमुक्तीच्या अभ्यासकांनी त्यांचा विपुल उपयोग केला आहे. प्रस्तुत लेखात त्यांचा विचार निराळ्या बाजूने करावयाचा आहे. पत्रे इंग्रजीत आहेत. परंतु त्यांतील एक लेखिका मराठी व संस्कृत शब्दांच्या जगात वाढलेली आहे. वादाचे खरे कारण ‘गर्व’, ‘नम्रता’ आणि ‘दया’ या तीन शब्दांच्या भिन्न व्याप्तीत कितपत आहे, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

(२)

प्रथम शब्दांकडे वळू. इंग्रजीत ज्या एका शब्दाने गर्वाचा निर्देश होतो, त्या शब्दाचा आवाका मराठीत अनेक शब्दांनी वाटून घेतला आहे. गर्व, अहंकार, मद, दर्प हे ग्रांथिक शब्द. ताठा, तोरा, माज, गुर्मी हे बोलीतले. यांखेरीज ‘अभिमान’ हा एक विलक्षण शब्द आपल्याजवळ आहे. त्याला ‘दुर्’ जोडला की दोष होतो, ‘स्व’ जोडला की गुण होतो, आणि नुसता ठेविला तर संदर्भावाचून त्याचा निवाडा करता येत नाही. ‘गर्वाचे घर खाली’ असे म्हणणारा मराठी माणूस ‘अभिमानाचे घर खाली’ असे म्हणत नाही, ही गोष्ट अर्थदृष्ट्या लहान नव्हे. मनुष्याची स्वतःविषयीची रास्त जाणीव आणि तिचा विकार यांत भाषेनेच येथे सीमारेषा आखली आहे.

नम्रतेचेही तसेच आहे. विनय हा शिक्षणाने येतो व वडीलधाऱ्यांपुढे प्रकट होतो. नम्रता हा स्वभावाचा गुण आहे. लीनता मुख्यतः देवापुढची. ‘चरणी लीन होणे’ या प्रयोगात ती स्पष्ट दिसते. दैन्य ही परिस्थिती आहे, आणि ताबेदारी हा व्यवहार आहे. देवापुढे लीन असणारा मनुष्य कोणाचा ताबेदार असेलच असे नाही. किंबहुना आपल्या संतपरंपरेत लीनता जितकी खरी तितकी ताबेदारी कमी, असेच उदाहरणांवरून दिसते.

दयेच्या बाबतीत नांदेड-लातूरकडील वाचकाजवळ एक अधिक साधन आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता व उर्दू ही राज्यकारभाराची भाषा होती. त्यामुळे येथील मराठीत कृपा, दया, करुणा यांच्या जोडीला ‘मेहेरबानी’ आणि ‘रहम’ हे शब्द सर्वांच्या कानांवरचे आहेत. या दोहोंत सूक्ष्म भेद आहे. मेहेरबानी वरून खाली येते. अर्जदार आणि अधिकारी यांच्यामधले अंतर तिच्यात गृहीत असते. ‘रहम’ हा शब्द अरबी धातूचा. त्याच धातूपासून गर्भाशयाला अरबीत ‘रहिम’ म्हणतात. इब्रीतही हेच नाते आहे. ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि ‘राहामीम’ म्हणजे दया. जुन्या करारात ईश्वराच्या दयेसाठी येणारा हा एक प्रमुख शब्द आहे. म्हणजे सामी भाषांच्या मुळाशी दयेची कल्पना दरबारातून आलेली नाही. ती आईच्या उदरातून आली आहे. बायबलातील दया आपण मेहेरबानीच्या अर्थाने घेतो की रहमच्या मूळ अर्थाने, यावर नम्रतेचा अर्थ अवलंबून राहतो. मेहेरबानीपुढे मनुष्य वाकतो. आईच्या दयेपुढे त्याला वाकावे लागत नाही, तो तिच्यात सामावतो.

(३)

आता प्रकरणाकडे येऊ. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी रमाबाईंना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या, तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. आईबाप दुष्काळात गेलेले, पुढे भाऊही गेला, १८८० मध्ये विवाह झाला आणि १८८२ मध्ये वैधव्य आले. त्याच वर्षी त्यांनी पुण्यात आर्य महिला समाज स्थापिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष दिली. १८८३ साली लहानग्या मनोरमेला घेऊन त्या इंग्लंडला गेल्या व २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. सिस्टर जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता झाल्या. पुढे रमाबाई चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात राहू लागल्या. तेथील प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीही त्यांचा याच विषयांवर पत्रव्यवहार आहे.

बाप्तिस्म्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत जे वाद झाले, त्यांतील तीन आपल्या विषयाला उपयुक्त आहेत.

पहिला वाद अन्नाचा. रमाबाईंनी शाकाहार सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांना त्यात जातीच्या गर्वाचा अवशेष दिसला. रमाबाईंचे उत्तर उपहासगर्भ आहे. माझ्या खाण्यापिण्यात, पेहरावात तुम्हांला गर्व शोधावयाचा असेल तर खुशाल शोधा, परंतु माझ्या देशाच्या रीती त्या केवळ माझ्या देशाच्या आहेत म्हणून मी टाकणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे.

दुसरा वाद भाषेचा. क्रूसावर लॅटिन शब्द असावेत हे वाँटेजकरांना स्वाभाविक वाटत होते. संस्कृतापेक्षा लॅटिनमध्ये अधिक पावित्र्य काय आहे, असा रमाबाईंचा प्रश्न होता. ज्या भाषेशी आपल्या अंतःकरणाचा संबंध नाही तिच्यातील अक्षरे अंगावर बाळगण्यापेक्षा संस्कृत अक्षरे बाळगणे त्यांना इष्ट वाटले.

तिसरा वाद अधिकाराचा, आणि तोच मुख्य. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना देशी भाषा शिकवाव्यात अशी एक योजना निघाली असता हिंदुस्थानातील बिशपांकडून तिला हरकत घेण्यात आली. स्त्रीने पुरुषांना शिकविल्यास मायदेशी तिच्या नावाला बाध येईल, असे त्यांचे म्हणणे. ज्या बाईने कलकत्त्याच्या विद्वत्सभेत पुरुषांपुढे व्याख्याने दिली होती, तिला हे मत उपदेशापेक्षा अपमानासारखे वाटले यात नवल नाही. त्याच सुमारास त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्यांनी शंका उपस्थित केल्या आणि चर्चच्या निर्णयापुढे बुद्धी गहाण ठेवण्याचे नाकारले. १८८५ सालच्या पत्रांत त्यांची भूमिका स्पष्ट आहे. आपल्याला स्वतःची सदसद्विवेकबुद्धी आहे. ख्रिस्ताच्या मंडळीचे आपण सभासद आहोत हे खरे, परंतु पाद्री अगर बिशप यांच्या मुखातून पडणारा प्रत्येक शब्द मान्य करण्यास आपण बांधलेल्या नाही. एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने उतरविल्यानंतर दुसऱ्याचे मानेवर घेण्याची आपली तयारी नाही.

सिस्टर जेराल्डीन यांच्या दृष्टीने हा स्वेच्छाचार होता आणि त्याचे मूळ गर्वात होते.

(४)

या आरोपाचे परीक्षण करताना सिस्टर जेराल्डीन यांना अन्याय होऊ देता कामा नये. त्या ज्या संघात होत्या तेथे आज्ञापालन हे व्रत होते. वरिष्ठांच्या आज्ञेतून ईश्वराची इच्छा कळते, या श्रद्धेवर त्यांनी आपले जीवन उभे केले होते. त्यामुळे ईश्वराविषयीची लीनता आणि चर्चविषयीचे आज्ञापालन या दोन गोष्टी त्यांच्यापुरत्या एकच होत्या, आणि त्यांच्या भाषेत दोहोंना मिळून एकच शब्द होता. रमाबाईंपुढे मात्र हे दोन पदार्थ वेगळे होते. वर पाहिल्याप्रमाणे त्यांच्या मातृभाषेत लीनता आणि ताबेदारी यांची गल्लत होत नाही. त्या पहिली देण्यास तयार होत्या, दुसरी नाकारीत होत्या. आणि समोरच्या बाईंना मात्र दोन्ही एकदम नाकारल्यासारखी दिसत होती. वादाचा बराचसा ताप या शब्दव्याप्तीच्या भेदातून उत्पन्न झाला आहे, असे मानण्यास जागा आहे.

परंतु सर्वच वाद शब्दांचा होता असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. राज्यकर्त्या देशातील माणसे जित देशातील व्यक्तीला जेव्हा नम्रता शिकवितात, तेव्हा उपदेशाच्या शब्दांत राज्यसत्तेचे वजन नकळत मिसळते. इंग्रज स्त्रीने आपल्या देशाच्या अन्नाला चिकटून राहणे ही सवय ठरते. मराठी स्त्रीने तसे केले की तो गर्व होतो. लॅटिनचा आग्रह परंपरा ठरतो. संस्कृतचा आग्रह अहंता होते. एकाच वर्तनाला दोन नावे मिळतात तेव्हा नाव देणाऱ्याचे स्थान तपासणे अवश्य होते. गर्वाचे निदान करण्याचा अधिकार आपल्याकडेच आहे असे समजणे, हाही गर्वाचा एक प्रकार आहे. परूशाच्या दृष्टान्तात परूशी देवाचे आभारच मानीत होता; चूक झाली ती शेजारच्या माणसाकडे बोट दाखविताना.

तथापि रमाबाईंच्या बाजूनेही काही बोलले पाहिजे ते हे, की ताबेदारी नाकारण्याचा त्यांचा हक्क मान्य केला, तरी त्यांच्या पत्रांत विद्येचा ताठा मुळीच नाही असे निःपक्षपाती वाचक म्हणणार नाही. संस्कृताविषयीचे त्यांचे बोलणे केवळ देशप्रेमाचे नाही. त्यात पंडितघराण्याच्या वारशाची धग आहे. वादात प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचे सुख त्यांना ठाऊक होते. हा दोष त्यांच्या शत्रूंनी काढला म्हणून खोटा ठरत नाही.

येथे एक लहानसा भाषिक पुरावा नोंदविण्याजोगा आहे. या पत्रांतून रमाबाई सिस्टर जेराल्डीन यांना ‘आजीबाई’ म्हणून संबोधितात. सर्व मजकूर इंग्रजी, आणि मायन्यात हा एक मराठी शब्द. त्यांना ‘माता’ म्हणता आले असते, ‘गुरु’ म्हणता आले असते. आपल्या कुटुंबव्यवस्थेत आईच्या आणि गुरूच्या शब्दाला आज्ञेचे बळ असते. आजीला मान असतो, माया असते, रागावण्याची मुभाही असते; परंतु घरचा अंतिम निर्णय तिच्या हाती नसतो. रमाबाईंनी ही निवड हेतुपूर्वक केली असे सिद्ध करता येणार नाही. मनोरमेच्या नात्याने तो शब्द घरात रुळला असेल. तरीही त्या नात्यात त्यांनी जो आदर दिला आणि जो अधिकार दिला नाही, तो पत्रव्यवहाराच्या आशयाशी तंतोतंत जुळतो, एवढे खास.

(५)

मग रमाबाईंचा ताठा गेला कोठे? याचे उत्तर वादांत सापडत नाही. ते त्यांच्या पुढील चरित्रात शोधावे लागते.

मार्च १८८९ मध्ये मुंबईस शारदा सदन निघाले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वादळ उठले, रानडे–भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि अनेक मुलींना पालकांनी परत नेले. दहा वर्षांपूर्वी चर्चने ज्यांना पुरेशा ख्रिस्ती नाहीत म्हणून दोष दिला, त्यांना आता स्वकीयांनी अति ख्रिस्ती म्हणून दोष दिला. याच काळाच्या आसपास त्यांच्या आंतरिक जीवनात पालट झाला होता. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतरही कित्येक वर्षे आपल्याजवळ ख्रिस्ती धर्म होता, परंतु ख्रिस्त नव्हता. १८९१ च्या सुमारास त्यांना ही जाणीव झाली. दया ही ज्ञानाने, वादाने किंवा सत्कृत्याने मिळवावयाची वस्तू नसून ती आधीच दिलेली आहे, हा त्या अनुभवाचा गाभा होता.

पत्रव्यवहाराच्या संदर्भात याचे महत्त्व असे की, वाँटेजला ज्या नम्रतेचा तगादा लावण्यात आला ती तगाद्याने आली नाही. बिशपांच्या उपदेशाने जे झाले नाही ते दयेच्या जाणिवेने झाले. याचा अर्थ रमाबाई पुढे कोणाच्या ताबेदार झाल्या असा नव्हे. त्या अखेरपर्यंत स्वतंत्रच राहिल्या. पालट झाला तो दुसऱ्या दिशेने. आपल्याहून वरच्या माणसांपुढे वाकण्याऐवजी आपल्याहून खाली ढकललेल्या माणसांजवळ त्या जाऊन बसल्या. १८९६–९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून त्यांनी शेकडो मुली व विधवा आणल्या. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. केडगावचे मुक्ती सदन त्या सुमारास सुमारे २,००० जणींचे घर झाले होते. शारदा सदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी निघाले होते. केडगावला जातीचा प्रश्न दुष्काळानेच पुसून टाकला. १८७४ च्या सुमारास ज्या मुलीचे आईबाप अन्नावाचून गेले, तिने वीस-पंचवीस वर्षांनी दुसऱ्यांच्या मुलींना पोटाशी धरले. ‘राहामीम’ या शब्दाचा मूळ अर्थ येथे कृतीत उतरला. ही मेहेरबानी नव्हती. कारण देणारी एके काळी त्याच रांगेत उभी होती.

नेतृत्वाच्या दृष्टीने मात्र केडगावचे चित्र सर्वस्वी निर्दोष नाही. ज्यांनी स्वतः चर्चची आज्ञा मानली नाही, त्यांच्याच संस्थेत निर्णयाची सूत्रे एका व्यक्तीच्या हाती एकवटली. हजारो निराधारांची व्यवस्था लावताना ते अपरिहार्य असेल. परंतु ज्या प्रश्नाने त्या वाँटेजला झगडल्या तोच प्रश्न केडगावच्या एखाद्या मुलीने त्यांना विचारला असता तर त्यांचे उत्तर काय झाले असते, हा विचार वाचकाच्या मनात आल्याशिवाय राहत नाही.

(६)

रमाबाईंच्या नम्रतेचा सर्वांत मोठा पुरावा माझ्या मते भाषिक आहे, आणि तो म्हणजे त्यांचे बायबलचे भाषांतर. आयुष्याची शेवटची सुमारे पंधरा वर्षे त्यांनी या कामाला दिली. त्यासाठी त्या उतारवयात इब्री व ग्रीक शिकल्या. मुद्रण केडगावच्याच स्त्रियांनी केले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर बाहेर आला. अल्पशिक्षित स्त्रीला वाचून कळावे हे या भाषांतराचे उद्दिष्ट, आणि त्यासाठी त्यांनी संस्कृतप्रचुर शब्दयोजना जाणूनबुजून टाळली. ज्या बाईंनी १८८० च्या दशकात लॅटिनविरुद्ध संस्कृताची बाजू घेतली, त्यांनी पुढे साध्या मराठीसाठी तेच संस्कृत बाजूला ठेविले. लॅटिनपुढे त्या वाकल्या नाहीत. निरक्षरतेच्या कडेवर उभ्या असलेल्या मुलीसाठी मात्र वाकल्या. अभिमान आणि गर्व यांतील जो भेद आपली भाषा करते, तो या दोन कृतींत मूर्त झाला आहे.

नांदेडच्या शेष घराण्याशी परंपरेने ज्यांचे नाव जोडले जाते त्या वामन पंडितांची आख्यायिका येथे सहज आठवते. वादात मिळविलेली जयपत्रे घेऊन हिंडणाऱ्या या संस्कृत पंडिताचा गर्व एका प्रसंगाने उतरला व तो मराठी ग्रंथरचनेकडे वळला, असे ती सांगते. आख्यायिकेची ऐतिहासिकता कशीही असो. पंडिताचा गर्व उतरण्याची खूण म्हणजे त्याने लोकभाषेत लिहिणे, हे समीकरण आपल्या समाजाने फार पूर्वी मांडून ठेविले आहे. रमाबाईंचे भाषांतर त्याच समीकरणात बसते, जरी त्यांचा धर्म निराळा होता.

या भाषांतराची मर्यादाही सांगितली पाहिजे. संस्कृत शब्द टाळण्यामागे सुबोधतेखेरीज दुसराही एक हेतू होता. हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द ख्रिस्ती ग्रंथात येऊ नयेत, अशी त्यांची इच्छा होती. या ठिकाणी नम्रतेची जागा शुद्धतेचा आग्रह घेतो, आणि शुद्धतेच्या आग्रहात सोवळ्याचा अंश असतो. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) याच्या उलट मार्ग धरला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत, आणि वारकरी संतांची शब्दसंपत्ती त्यांनी ख्रिस्ताच्या चरणी निःसंकोच वाहिली. १९१७ साली मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. टिळकांनी आपल्यापूर्वीच्या संतांचे ऋण मान्य करण्यात नम्रता पाहिली. रमाबाईंनी आपल्यामागून येणाऱ्या मुलींसाठी भाषा सोपी करण्यात ती पाहिली. मराठी मंडळ्यांत टिळकांची पदे रुजली. रमाबाईंचे बायबल सार्वत्रिक प्रचारात आले नाही. जनमानसाने केलेला हा निवाडा भाषांतराच्या मर्यादेवर बोट ठेवतो, असे मला वाटते. परंपरेपासून सर्वस्वी तोडलेली साधी भाषा कळते, पण ओठांवर राहत नाही.

(७)

उपसंहारादाखल एवढेच म्हणता येईल. जेराल्डीनबाईंचा आरोप पूर्णपणे खोटा नव्हता, आणि रमाबाईंचा प्रतिकार पूर्णपणे खरा होता. आरोप करणाऱ्या बाईंच्या गुणांची नोंदही येथे केली पाहिजे. आपल्याला निरुत्तर करणारी, आपल्या उपदेशाची थट्टा करणारी पत्रे त्यांनी नष्ट केली नाहीत. ती जुळवून, राखून ठेविली. त्यांच्या टिपणांतून आपलीच बाजू योग्य होती असा सूर निघतो हे खरे. तथापि त्या सुराला छेद देणारा पुरावा त्यांनी स्वतःच्या हातांनी पुढील पिढ्यांच्या स्वाधीन केला. आजीबाईंनी पंडितेला शिकवू पाहिलेली नम्रता वादाच्या वेळी दोघींनाही साधली नाही. नंतर मात्र एकीने ती भाषांतरात आणि दुसरीने ती जतनात दाखविली.

धार्मिक नेतृत्वाचा विचार करणाऱ्यास या प्रकरणातून एक कसोटी मिळते. जेथे नम्रतेचा उपदेश वरून खाली केला जातो तेथे तो बहुधा ताबेदारीची मागणी असतो, मग उपदेशक कितीही सद्भावी असो. दयेचा ज्याला अनुभव आला आहे तो नम्रतेची मागणी करीत नाही. तो आपल्याहून दुर्बल माणसाला कळेल अशा भाषेत बोलू लागतो. मराठवाड्याच्या बोलीत मेहेरबानी आणि रहम हे दोन्ही शब्द आजही नांदतात. त्यांतला कोणता शब्द आपल्या धर्मसंस्थांच्या व्यवहाराला लागू पडतो, हे त्या संस्थांच्या दाराशी येणारी माणसे अचूक ओळखतात.